टेबलापलीकडचे हात
शस्त्रक्रिया-सहायकाच्या शिक्षणाची कुळकथा

शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या एका बाजूला सर्जन असतो आणि त्याच्या समोर, हात धुऊन, गाऊन चढवून आणखी एक माणूस उभा असतो. जखमेच्या कडा ओढून धरायच्या, रक्त टिपायचं, बांधलेल्या गाठीचा दोरा कापायचा, दुर्बिणीची केस असेल तर कॅमेरा धरायचा आणि शेवटी बहुतेक वेळा कातडीचे टाकेही घालायचे, ही त्याची कामं. नाशिकच्या खासगी रुग्णालयांत या जागी कधी शिकाऊ डॉक्टर असतो, कधी बीएएमएस झालेला आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), कधी थिएटरची सिस्टर, तर कधी त्याच थिएटरमध्ये वर्षानुवर्षं काम करून तयार झालेला ओटी असिस्टंट. सुरगाणा किंवा पेठहून आलेल्या रुग्णाला सर्जनचं नाव माहीत असतं. या दुसऱ्या माणसाचं नाव त्याला कुणी सांगत नाही.

सर्जननं शिकत राहावं यासाठी नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनं डॉक्टरांना दर पाच वर्षांत किमान ३० तास व्याख्यानं, परिषदा, कार्यशाळांना हजेरी लावायला सांगितलं. महाराष्ट्रात नोंदणीचं नूतनीकरण याच तासांच्या क्रेडिट पॉइंटांवर होतं, म्हणून ‘सीएमई’ (निरंतर वैद्यकीय शिक्षण) हा शब्द आता डॉक्टरांच्या घरातल्या मुलांनाही पाठ आहे. समोर उभ्या असलेल्या माणसानं काय आणि किती शिकावं, याचा हिशेब मात्र आज कुणी नीट मागत नाही. असा हिशेब मागण्याची पद्धत याच मुलखात दीडशे वर्षांपूर्वी होती. ती कशी आली, कशी गेली आणि आता कुठल्या वाटेनं परत येते आहे, याची ही गोष्ट आहे.

मुंबईत कंपनी सरकारनं १८२६ साली एक छोटी वैद्यकशाळा काढली. लष्करी आणि मुलकी इस्पितळांत गोऱ्या सर्जनांच्या हाताखाली काम करणारे एतद्देशीय मदतनीस तयार करणं हा तिचा हेतू. शाळेचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी देशी भाषांतून शिकवायचं ठरवलं आणि मराठीत वैद्यकाची पुस्तकं तयार करवून घेतली. शाळा १८३२ साली बंद पडली. मराठीतून शरीररचना आणि औषधं शिकवता येतात, एवढं मात्र त्या सहा वर्षांत दिसून आलं.

पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथलं शिक्षण इंग्रजीतून, आणि बाहेर पडणारे पदवीधर मोजके. तालुक्याच्या दवाखान्यांना, तुरुंगांच्या इस्पितळांना आणि पलटणींना माणसं हवी होती ती शेकड्यांनी. म्हणून १८६१ साली त्याच कॉलेजात देशी भाषांचे वर्ग उघडले. मराठी वर्गाला शिकवणाऱ्यांत डॉ. सखाराम अर्जुन होते. रुखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आज त्यांची आठवण काढली जाते, पण वैद्यक मराठीत आणणाऱ्या पहिल्या पिढीतही त्यांचं नाव घ्यायला हवं. १८७८ साली पुण्यात बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल निघालं, आणि मराठी मुलखासाठी हे शिक्षण तिथे रुजलं. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्याला ‘हॉस्पिटल असिस्टंट’ म्हणत.

हा हॉस्पिटल असिस्टंट आपल्या ओटी असिस्टंटचा पूर्वज. जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनसमोर तो सहायक म्हणून उभा राहायचा. तालुक्याच्या दवाखान्यात तोच एकटा सर्व काही असे. गळू फोडणं, मोडलेलं हाड बसवणं, जखम शिवणं, देवी टोचण्याकडे लक्ष ठेवणं, अपघाती मृत्यूंच्या तपासणीची कागदपत्रं करणं हे सगळं त्याच्याकडे असे. त्याचं शिक्षण पदवीधर डॉक्टरपेक्षा आखूड होतं. सरकारला याची जाणीव असल्यामुळेच त्याच्या सेवेत एक गोष्ट घातलेली होती, ती म्हणजे ठरावीक वर्षांनी होणारी परीक्षा. सेवेचे वर्ग होते, आणि एका वर्गातून वरच्या वर्गात जायचं तर साधारण सात वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा परीक्षेला बसावं लागे. त्यापुढच्या बढतीसाठी आणखी सात वर्षांनी आणखी एक परीक्षा.

त्या काळात सात वर्षांत काय काय बदलत होतं ते पाहिलं, की या परीक्षेचं महत्त्व कळतं. जखमेत पू होणं हे ती भरत असल्याचं लक्षण आहे, असं १८६०च्या आसपास अनेक सर्जन मानत. १८६७ साली जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक आम्लानं जखमा धुण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि पू हा अपयशाचा पुरावा ठरू लागला. १८९५ साली क्ष-किरण सापडले. १८९७च्या जानेवारीत हाफकिननं प्लेगची लस मुंबईतच स्वतःला टोचून घेतली. विशीत शिकलेल्या विद्येवर पन्नाशीपर्यंत काम करणाऱ्याच्या हातून या काळात रुग्ण दगावले असते. दर सात वर्षांनी पुस्तक उघडायला लावणारा नियम त्याच्यासाठी आणि त्याच्या रुग्णांसाठी गरजेचाच होता.

या पद्धतीत दोष होते. परीक्षा बढतीशी आणि पगाराशी बांधलेली होती, त्यामुळे शिकण्यापेक्षा पास होण्याकडे लक्ष जाणं साहजिक होतं. शिवाय कितीही परीक्षा दिल्या तरी हॉस्पिटल असिस्टंटला सिव्हिल सर्जनची खुर्ची मिळत नसे. तिच्यावर बहुतेक वेळा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला गोरा अधिकारी बसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉस्पिटल असिस्टंटला ‘सब-असिस्टंट सर्जन’ हे नाव मिळालं, पण वरच्या पायऱ्या त्याच्यासाठी बंदच राहिल्या. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं. त्याची एलसीपीएस ही सनद पुढे कित्येक वर्षं मराठी गावांतल्या डॉक्टरांच्या पाट्यांवर दिसत असे.

१९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. त्या वेळी देशात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते, आणि त्यांतले २९,८७० पदवीधर नव्हते, सनदधारक होते. समितीच्या बहुमतानं सनदधारकांची ही दुसरी पायरी बंद करायला सांगितलं. गरिबाला अर्धवट शिकलेला डॉक्टर मिळू नये, हा त्यामागचा विचार प्रामाणिक होता. काही सदस्यांनी असहमतीही नोंदवली. त्याच वर्षी पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचं मेडिकल कॉलेज झालं. दुसऱ्या पायरीच्या शाळा हळूहळू मिटल्या आणि त्यांच्याबरोबर ठरावीक वर्षांनी होणारी परीक्षाही गेली.

काम मात्र संपलं नाही. प्रत्येक केसला सर्जनसमोर कुणीतरी उभं राहणं भागच होतं. मग पुढची कित्येक दशकं ही जागा पाहून शिकलेल्या माणसांनी सांभाळली. जुन्या सिस्टरांनी नव्यांना ट्रॉली लावायला शिकवली, ब्रदरनं वॉर्डबॉयला ड्रम भरायला शिकवलं, आणि सर्जननं आपल्याला हवा तसा एखादा हुशार मुलगा घडवला. सर्जननं हात पुढे करण्याआधी हवी ती कात्री त्या हातात ठेवणं हे कौशल्य कुठल्या पुस्तकातून येत नाही, आणि महाराष्ट्रातल्या शस्त्रक्रियेचा मोठा भाग या कौशल्यावर उभा आहे.

पाहून शिकण्यात एक गोष्ट राहून जाते. जे थिएटरात घडतं तेवढंच डोळ्यांना दिसतं. बाहेर काय बदललं, ते कुणी सांगितलं तरच कळतं. १९९० साली डॉ. तेहमतन उदवाडियांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पुढच्या काही वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत ही शस्त्रक्रिया पोहोचली. पोट उघडून करायच्या केसमध्ये सहायकानं रेट्रॅक्टर घट्ट धरला की काम भागायचं. दुर्बिणीच्या केसमध्ये सर्जनचे डोळेच सहायकाच्या हातात येतात. कॅमेऱ्याची क्षितिजरेषा तिरकी झाली, किंवा तीस अंशांच्या दुर्बिणीचा कोन चुकीच्या बाजूला वळला, तर सर्जनला पित्तनलिका कुठे आहे हेच उमगत नाही. कॉटरीची (विजेनं जाळून रक्त थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट हाडाळ जागी किंवा ओल्या कातडीवर चिकटवली तर भाजण्याचा धोका असतो, हे कुणीतरी समजावून द्यावं लागतं. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची यादी दिली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी अशा तीन टप्प्यांवर थांबायचं, नाव आणि बाजू मोठ्यानं वाचायची, मॉप आणि सुया मोजायच्या. ही यादी सर्जनच्या सहीनं जिवंत होत नाही. मॉप मोजणाऱ्याला ती पटलेली असावी लागते, आणि एक मॉप कमी भरला तर ‘थांबा’ म्हणायचं धैर्य त्याच्यात असावं लागतं.

आपल्याकडे पाहून शिकणं चालू होतं त्याच दशकांत दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, भोर समितीनं काढून टाकलेली पायरी नव्यानं बांधली जात होती. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार मदतनिसांना हाताशी घेऊन ‘फिजिशियन असिस्टंट’ हा अभ्यासक्रम सुरू केला. लढाईत जखमा हाताळलेल्या या माणसांना नागरी आयुष्यात त्यांच्या कसबाला साजेशी जागाच नव्हती. १९६७ साली त्यांतले तिघे उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी अलाबामात हृदयशल्यविशारद जॉन कर्कलिन यांनी खास शस्त्रक्रियेसाठी सहायक घडवायला सुरुवात केली. १९७०च्या दशकात राष्ट्रीय प्रमाणपत्र आलं आणि त्याच्याबरोबर दर दोन वर्षांत १०० तासांचं शिक्षण आणि सुरुवातीला दर सहा वर्षांनी परीक्षा. पुढे परीक्षेचं अंतर दहा वर्षांवर गेलं. हॉस्पिटल असिस्टंटला सात वर्षांनी पुस्तक उघडायला लावणारा विचार तिथे स्वतंत्रपणे उगवला, कारण गरज तीच होती. ज्याचं शिक्षण आखूड आणि काम नाजूक, त्यानं सतत शिकत राहिलं पाहिजे.

भारतात हा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये आला, तोही एका हृदयशल्यविशारदामुळे, डॉ. के. एम. चेरियन यांच्यामुळे. बायपासच्या शस्त्रक्रियेत छाती उघडली जात असताना दुसरा कुणीतरी पायातली शीर काढत असतो. ती शीर नाजूक हातांनी निघाली तरच ती पुढे टिकते. हे काम दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या शिकाऊ डॉक्टरावर सोपवण्यापेक्षा त्यासाठीच तयार झालेल्या, तिथेच राहणाऱ्या माणसाकडे देणं रुग्णाच्या हिताचं होतं.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं या व्यवसायाला कायद्यात घर नव्हतं. २०२१ साली संसदेनं सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत फिजिशियन असिस्टंट ‘फिजिशियन असोसिएट’ या नावानं आहे आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञही आहे. राज्याराज्यांत परिषद आणि नोंदवही ठेवायची तरतूद आहे. २०२५ साली फिजिशियन असोसिएट आणि भूल-शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञानाचे देशव्यापी अभ्यासक्रम जाहीर झाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या आढावा अहवालानं या व्यावसायिकांना ‘असोसिएट’ न म्हणता ‘असिस्टंट’ म्हणावं अशी शिफारस केली, कारण रुग्णांना समोरची व्यक्ती डॉक्टर आहे की नाही हे कळत नव्हतं. आपल्याला त्यातून एवढं घेता येईल की नोंदवहीत नाव चढवतानाच कामाची हद्दही लिहून ठेवायला हवी. सहायक काय करू शकतो आणि काय सर्जनच्या नजरेखालीच करायचं, हे रुग्णालाही कळलं पाहिजे.

ही नोंदवही उघडत असताना नाशिककडे पाहावं लागतं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून इथे आहे. वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या असं सगळ्या राज्यातलं आरोग्यशिक्षण त्याच्या छत्राखाली येतं, आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ घडवणारा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रमही त्याचाच. त्याच विद्यापीठाची पदव्युत्तर संस्था याच शहरात सरकारी रुग्णालयाच्या आधारानं उभी राहते आहे. पदवी देणारी यंत्रणा इथे आहे. पदवीनंतरच्या वीस-तीस वर्षांची यंत्रणाही इथेच उभी करता येईल.

तिचं रूप कसं असावं, हे या कुळकथेनंच सांगून ठेवलं आहे. शिक्षण मराठीतून हवं, कारण मालेगाव आणि कळवणच्या थिएटरातलं काम मराठीतच चालतं, आणि मराठीतून वैद्यक शिकवता येतं हे १८२६च्या शाळेतच दिसलं. ते हाताचं हवं. कॅमेरा धरण्याचा सराव पेटीतल्या नमुन्यावर, टाक्यांचा सराव कृत्रिम कातडीवर, कॉटरीचे धोके यंत्र समोर ठेवून, आणि जवळजवळ झालेल्या चुकांची उघड चर्चा, कुणाला दोष न देता. ते ठरावीक वर्षांनी नोंदणीशी जोडलेलं हवं, पण बढतीच्या भीतीला बांधलेलं नको. आणि वर्षानुवर्षं पाहून शिकलेल्या ब्रदरला आणि सिस्टरला दाराबाहेर न ठेवता, त्यांचं कसब तपासून, उणं असेल ते शिकवून, त्याच नोंदवहीत आत घेणारं हवं.

एक अट सगळ्यांत महत्त्वाची. हे तास पगारी कामाचे तास मानले पाहिजेत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला रविवारी स्वतःच्या खर्चानं नाशिक गाठायला लावलं, तर हजेरीपटावर सह्या वाढतील आणि थिएटरात काही बदलणार नाही. रुग्ण शस्त्रक्रियेचे पैसे मोजतो तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या हातांचे मोजतो. त्यांतल्या एकाच बाजूला शिकत राहायची सक्ती आणि सोय देऊन भागणार नाही. राज्य परिषदेच्या नूतनीकरणाचे नियम लिहिले जातील तेव्हा सहायकाचे शिक्षणाचे तास आणि त्या तासांचा पगार, ही दोन्ही कलमं त्यात असावीत, ही मागणी आत्ताच, नियम कच्चे असतानाच, सर्जनांनी स्वतः पुढे होऊन करायला हवी. समोरचे हात किती शिकलेले आहेत याचा फरक सर्वांत आधी कळतो तो त्यांनाच.