हवापालटाच्या गावातील आसरा

दक्षिण-मध्य फ्रान्समधील सुमारे 1000 मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या ल शांबों-स्युर-लिन्यों या गावाने व भोवतालच्या वाड्यावस्त्यांनी 1940 ते 1944 या काळात मोठ्या संख्येने ज्यू निर्वासितांना आसरा दिला. त्याचे श्रेय बहुधा आंद्रे त्रोक्मे या शांततावादी पाद्र्याला दिले जाते. त्याचा वाटा निर्विवाद असला, तरी केवळ प्रवचनाने घरोघरी खाटा रिकाम्या होत नाहीत. त्या खाटा आधीपासूनच होत्या. सेंट एतियेन या खाणींच्या शहरातील कामगारांच्या मुलांना हवापालटासाठी पठारावर पाठवण्याचा उपक्रम लुई कोंत या पाद्र्याने 1893 मध्ये सुरू केला होता, आणि परक्याचे मूल पैसे घेऊन सांभाळणे हा इथल्या शेतकरी कुटुंबांचा जोडधंदाच झाला होता. त्यामुळे गुर्स व रिव्हसाल्त येथील नजरकैद छावण्यांतून मदतसंस्थांनी सोडवलेली मुले इथे आली, तेव्हा अनोळखी चेहऱ्यांचे कोणाला फारसे नवल वाटले नाही.

बहुसंख्य गावकरी ह्यूगनॉट, म्हणजे फ्रान्समधील प्रोटेस्टंटांचे वंशज होते. प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा देणारा नांतचा राजादेश चौदाव्या लुईने 1685 मध्ये रद्द केल्यावर त्यांच्या पूर्वजांनी आपले पाद्री दडवले होते, रानात प्रार्थना भरवल्या होत्या, आणि शिपाई दारात आल्यावर किती बोलावे याची समज पिढ्यान्‌पिढ्या उतरली होती. अर्थात, या कामात कॅथलिक कुटुंबेही होती, हे विसरून चालणार नाही.

खरी अडचण कागदांची होती, कारण अन्नाचे रेशनिंग असल्याने शिधापत्रिकेशिवाय पाव मिळत नसे आणि ओळखपत्राशिवाय रस्त्यावर फिरता येत नसे. ऑस्कर रोसोव्स्की या विशीही न ओलांडलेल्या ज्यू तरुणाने बनावट शिक्क्यांनिशी असे कागद तयार केले आणि हे साहित्य तो राहत असलेल्या शेतावर मधमाश्यांच्या पेट्यांत दडवले जाई. ऑगस्ट 1942 मध्ये जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारचे पोलीस बसगाड्या घेऊन आले, तेव्हा निर्वासित शेतांत व रानांत पांगले आणि कित्येक दिवसांच्या झडत्यांतून पोलिसांच्या हाती जेमतेम काही जण लागले.

29 जून 1943 रोजी मात्र जर्मन पोलीस थेट ‘मेझों दे रोश’ या विद्यार्थी-वसतिगृहात शिरले आणि त्यांनी अनेक विद्यार्थ्यांसह तेथील व्यवस्थापक डॅनियल त्रोक्मे यालाही पकडले. आंद्रे त्रोक्मेचा हा नातलग स्वतः ज्यू नव्हता. 1944 मध्ये मायदानेक छळछावणीत त्याचा मृत्यू झाला.