रेषा पुसणारी माणसं

हातातला रिमोट खिशात टाका. १८५० साली तो कशाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आत्तापर्यंत तुम्ही हरिश्चंद्रगडावर होता. फेब्रुवारीची रात्र. वाऱ्याने हलू नये म्हणून ट्रायपॉडच्या पायांशी दगड रचलेले, दव बसू नये म्हणून लेन्सला गरम पाण्याची छोटी पिशवी बांधलेली. कॅमेऱ्याचं तोंड ध्रुवाकडे, म्हणजे उत्तर क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर. ३० सेकंदांची एक, अशा ३६० फ्रेम. एकूण तीन तास. त्या एकावर एक रचल्या की प्रत्येक ताऱ्याची ४५ अंशांची कमान तयार. पहिली फ्रेम सुरू झाल्याचा ‘खट्’ ऐकलात आणि डोळे मिटलेत.

आता उघडा. १६ जुलैची रात्र आहे. गाव केंब्रिज, मॅसेच्युसेट्स. हार्वर्डच्या वेधशाळेत तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात. डोक्यावरचा ३० फुटी घुमट लोखंडी गोळ्यांवर गडगडत फिरतो आणि त्याची उघडी फट आकाशाच्या हव्या त्या तुकड्यासमोर येऊन थांबते. समोर ग्रॅनाइटच्या खांबावर पेललेली दुर्बीण. तिचं भिंग १५ इंचांचं, म्युनिकमध्ये घडवलेलं. भिंगाच्या दुर्बिणींत तिच्या तोडीची आज एकच आहे, रशियात पुल्कोव्होला. गडावर ट्रायपॉडजवळून कुणी चाललं तरी तुम्ही खेकसता ना? मग इथेही पाय हलवू नका.

दुर्बिणीपाशी उभे आहेत ते विल्यम क्रँच बाँड, वेधशाळेचे संचालक. घड्याळजीचा मुलगा, स्वतःही घड्याळं घडवणारा. खगोलशास्त्र स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. दुसरे जॉन अ‍ॅडम्स व्हिपल, बोस्टनचे छायाचित्रकार. व्हिपल यांच्या हातात तांब्याचा पत्रा आहे, त्यावर चांदीचा आरशासारखा मुलामा. तो आयोडिनच्या वाफेवर धरला की चांदीला प्रकाश कळू लागतो. तुमच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरचं काम आज हा पत्रा करणार आहे.

दुर्बीण रोखली आहे जवळजवळ डोक्यावर, अभिजितकडे. हे लोक त्याला व्हेगा म्हणतात. पत्रा जागेवर बसतो, झाकण निघतं. मोजा: एक, दोन, तीन... शंभरापर्यंत मोजायचं आहे.

मोजता मोजता कान द्या. खाली एक वजन सावकाश उतरतं आहे, त्याच्या ओढीने दातेरी चाकं फिरताहेत आणि त्या चाकांनी दुर्बीण पश्चिमेकडे सरकते आहे, पृथ्वी पूर्वेकडे जितकी फिरते तितकीच. ही चाकं थांबली, तर या शंभर सेकंदांत अभिजित चंद्रबिंबाच्या निम्म्याहून जास्त अंतर सरकेल. त्याचा प्रकाश पत्र्यावर लांब पसरेल, आणि हा पत्रा इतका मंद की त्यावर मागमूसही उरणार नाही. ग्रॅनाइटचा खांब, वजन, चाकं, घड्याळजीच्या मुलाची सगळी विद्या, हा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी: ताऱ्याची रेषा उमटू नये.

आणि तुम्ही आलात ती रेषा काढायला. बाँडसाहेबांना हे सांगू नका.

शंभर झाले. व्हिपल पत्रा पाऱ्याच्या वाफेवर धरतात. जरा मागे व्हा, ती वाफ विषारी आहे. मग हायपोच्या पाण्यात धुणं. कंदिलाच्या उजेडात पत्रा तिरका करून बघा: चांदीवर एक बारीकसा ठिपका. सूर्य सोडला, तर माणसाने टिपलेलं हे ताऱ्याचं पहिलं छायाचित्र.

चाकं मात्र अजून अडखळतात, प्रतिमा हलते, अंधूक तारे उमटतच नाहीत. म्हणून सात वर्षं पुढे चला.

१८५७चा एप्रिल. तिकडे मेरठला ठिणगी पडायला अजून अवकाश आहे. दुर्बीण तीच, पण तिला आता नवं घड्याळयंत्र बसवलं आहे. पत्रा गेला, कोलोडियनची ओली काच आली. ती वाळायच्या आत सगळं उरकायचं. या खेपेला पुढाकार बाँड यांच्या मुलाचा, जॉर्जचा. रोख सप्तर्षींच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्यावर. काच धुऊन येते आणि तुम्ही पुढे वाकता. मायझर आणि अल्कोर, ते म्हणतात. तुम्ही मनात म्हणता, वसिष्ठ आणि अरुंधती!

भर दुपारच्या लग्नात गुरुजी हॉलच्या छताकडे बोट दाखवून जिचं दर्शन घ्यायला लावतात, ती ही अरुंधती. शेजारच्या वसिष्ठाचेही काचेवर दोन ठिपके वेगळे दिसताहेत. नुसत्या डोळ्यांना तो एकच भासतो. जॉर्ज त्या ठिपक्यांमधलं अंतर मोजायला बसतात. तारे जागेवर थांबले म्हणूनच ते मोजता आलं.

आता परत फिरा. गडावर शेवटची फ्रेम संपते आहे. बोटं गारठली आहेत, पिशवीतलं पाणी निवलं आहे. बाँड यांच्या चाकांचं काम करणारा ट्रॅकर आज पाठपिशवीत मावतो. तो तुम्ही मुद्दाम घरी ठेवलात. त्यांनी पुसली तीच रेषा तुम्ही तीन तास जपलीत.

घरी गेल्यावर फ्रेम एकत्र करा आणि आधी मधोमध बघा. ध्रुवानेही इवलीशी कमान काढलेली असेल, कारण तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. बाँड यांच्या काळात हे अंतर दीड अंशाच्या आसपास होतं. अढळपदावरचा ताराही अढळ नाही.

मग फोटो मोठा करून उजवीकडे, ईशान्येला या. एका ठळक रेषेला खेटून एक फिकी रेषा जाताना दिसेल. ती फिकी रेषा अरुंधतीची. आकाशात त्या दोन ताऱ्यांमध्ये अंतर १२ कलांचं, रेषांमध्ये मात्र जेमतेम ४ कलांचं, आणि तरी सबंध कमानीत त्या रेषा कुठेही एकमेकींना छेदत नाहीत.