‘बोर्डा’चा माणूस : दिंडोरी तालुक्याच्या संदर्भात वीज कर्मचाऱ्याच्या कामाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विजेचा इतिहास बहुधा धरणे, औष्णिक केंद्रे आणि मेगावॅटचे आकडे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. १९१५ मध्ये खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १९६० च्या दशकात कोयनेची वीज मिळू लागली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक केंद्र कार्यान्वित झाले. हे टप्पे सर्वपरिचित आहेत. परंतु तेथे निर्माण होणारी वीज शेतातील मोटारीपर्यंत पोहोचविणाऱ्या कामगाराची नोंद या इतिहासात क्वचितच आढळते. प्रस्तुत निबंधात दिंडोरी तालुक्याच्या संदर्भात या कामगाराच्या कामाचे स्वरूप कसकसे बदलत गेले, याचा आढावा घेतला आहे. वीजविषयक धोरणातील प्रत्येक बदलाचा भार अखेरीस खांबावर चढणाऱ्या माणसावर पडला; मात्र तो नेमका कोणाचा कर्मचारी, हे उत्तरोत्तर अस्पष्ट होत गेले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मंडळाची स्थापना व ग्रामीण विद्युतीकरण

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची तरतूद केली. त्यानुसार २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६९ मध्ये केंद्र शासनाने ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन केल्यावर खेड्यांतील वाहिन्यांसाठी कर्जाचा मार्ग खुला झाला.

दिंडोरी हा कादवा खोऱ्यातील तालुका. पालखेड, वाघाड, करंजवण, ओझरखेड या धरणांमुळे येथे बागायत वाढली. तेलावर चालणाऱ्या इंजिनांची जागा विजेच्या मोटारींनी घेतली आणि पुढे द्राक्ष हे तालुक्याचे प्रमुख पीक बनले. एप्रिलची खरड छाटणी असो वा ऑक्टोबरची गोडी छाटणी, वेळेवर पाणी न मिळाल्यास बागेचे वर्ष वाया जाते. साहजिकच विजेच्या प्रत्येक खंडाचा जाब शेतकरी ज्याला विचारू शकत होता, तो माणूस म्हणजे गावाचा वायरमन होय. मुंबईतील मुख्यालय त्याने कधी पाहिलेले नसे. त्याच्या दृष्टीने वायरमन हेच मंडळ होते. मंडळातील नोकरी कायम स्वरूपाची होती. ‘मुलगा बोर्डात आहे’ एवढे वाक्य सोयरीक जुळविताना पुरेसे ठरे.

कामाचे स्वरूप

वायरमनच्या कामाचा पाया ‘परमिट’ या पद्धतीवर उभा आहे. अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर काम करावयाचे असल्यास उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून परवानगी घ्यावी लागते. यंत्रचालक फीडर बंद करतो व नोंदवहीत वेळ लिहितो. त्यानंतर वाहिनीत वीज नसल्याची खात्री करून व ती जमिनीशी जोडूनच कामाला हात घालावयाचा असतो. काम संपल्यावर परमिट परत केल्याशिवाय पुरवठा सुरू करता येत नाही. म्हणजे खांबावरील माणसाचा जीव काही मैलांवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या शब्दावर अवलंबून असतो.

एवढे करूनही धोका टळतोच असे नाही. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या फीडरचा संपर्क, किंवा एखाद्या जनित्रातून उलट येणारा प्रवाह, बंद समजलेली वाहिनी जिवंत करतो. रात्री, पावसात, वादळात तार तुटल्यावर आणि बागायतदारांचा जमाव डीपीजवळ उभा असताना नियमातील प्रत्येक पायरी पाळणे किती अवघड असते, याची कल्पना नोंदवहीवरून येत नाही.

भारनियमनाचा काळ

१९९० च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी झालेल्या कराराचा मोठा आर्थिक भार मंडळावर पडला आणि २००१ मध्ये हा वाद विकोपास गेला. त्यानंतरच्या दशकात मागणी व पुरवठा यांतील तफावतीमुळे ग्रामीण भागास दररोज कित्येक तासांचे भारनियमन सोसावे लागले. २००४ मध्ये शासनाने कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली आणि २००५ मध्ये ती सवलत मागे घेतली. घोषणा मुंबईत झाली. तिच्या माघारीनंतर थकबाकीसाठी शेतकऱ्याच्या बांधावर मात्र वायरमनलाच जावे लागले.

याच काळात ‘सिंगल फेजिंग’ योजना आली. घरांना दिवे मिळावेत, पण ठरावीक वेळेबाहेर मोटारी चालू नयेत, हा तिचा हेतू होता. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी कपॅसिटर लावून त्याच पुरवठ्यावर मोटारी चालविल्या व रोहित्रे जळू लागली. जळालेले रोहित्र उतरविणारा, आकडे काढणारा आणि थकबाकीपोटी जोडणी तोडणारा माणूस एकच होता. तो बहुधा त्याच परिसरात राहत असे. त्यामुळे ज्याची जोडणी सकाळी तोडली, त्याच्या घरच्या लग्नाला संध्याकाळी जाण्याचा प्रसंग त्याच्यावर येई.

विभाजन व कर्मचाऱ्याचे बदललेले स्थान

२००३ च्या विद्युत कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन सूत्रधारी कंपनीसह महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. बदली झालेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी लाभाच्या असू नयेत, असे संरक्षण या कायद्याच्या कलम १३३ मध्ये होते. मात्र ते आधीपासून सेवेत असलेल्यांना होते. नंतर येणाऱ्यांना नव्हते. नवी भरती ‘विद्युत सहाय्यक’ या पदावर, आरंभी मानधन तत्त्वावर होऊ लागली. अनेक कामे कंत्राटदारांकडे गेली. वायरमन कागदोपत्री ‘तंत्रज्ञ’ झाला, प्रसिद्धीत ‘जनमित्र’ झाला. लोकांच्या तोंडी तो ‘बोर्डाचा माणूस’च राहिला.

या उतरंडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर ‘झिरो वायरमन’ आहे. ग्रामीण महाराष्ट्रात हा शब्द सर्वांच्या परिचयाचा असला, तरी कोणत्याही आस्थापनेच्या हजेरीपटावर हे पद नाही. एका वायरमनकडे अनेक गावे असल्याने गावातील एखादा तरुण फ्यूज टाकणे, जंप जोडणे ही कामे करू लागतो. त्यास मोबदला ग्रामस्थ वा वायरमन देतात. कधीतरी आपली नेमणूक होईल, ही त्याची आशा असते. अपघात घडल्यास मात्र कायम कर्मचाऱ्यास मिळणारे संरक्षण त्यास नसते. तो खांबावर का चढला, येथूनच प्रश्नास आरंभ होतो.

समारोप

दिंडोरीतील शेतीला रात्री मिळणारी वीज आणि उसात व बागेत वावरणारा बिबट्या, यांमुळे दिवसा पुरवठ्याची मागणी येथे जिव्हाळ्याची आहे. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी जाहीर झालेली मोफत वीज यांनी चित्र पुन्हा बदलू लागले आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी समांतर वितरण परवान्याच्या विरोधात राज्यभरातील वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला व शासनाशी चर्चेनंतर तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला. कर्मचाऱ्यांच्या मनातील अस्थिरता त्यातून प्रकट झाली.

मंडळाच्या पहिल्या दोन दशकांत सेवेत लागलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. तिच्या आठवणी आणि उपकेंद्रांतील जुन्या नोंदवह्या हे तालुक्याच्या इतिहासाचे साधन आहे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्यांचे संकलन करणे निकडीचे आहे. कायम कर्मचाऱ्याची किमान सेवापुस्तिका तरी उरते. झिरो वायरमनची कोणतीही लेखी नोंद नाही. म्हणून या कामास त्याच्यापासूनच आरंभ करावयास हवा.