पाण्याच्या पंपापासून हवेच्या चक्रापर्यंत



अंतरवाली सराटीच्या शिवारात विहिरीवर पंप चालू झाला की आपली नजर पाण्याच्या धारेकडे जाते. आम्हा कामगारांची मात्र आतल्या इंपेलरकडे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसविलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. पुढे १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी निघाली व हवा दाबणाऱ्या यंत्रांचे काम तिने हाती घेतले.

तत्त्व तेच, पण हवा पाण्याहून सुमारे आठशेपट हलकी. म्हणून चक्र फार वेगाने फिरवावे लागते. कडेचा वेग दुप्पट केला की हवेला मिळणारी शक्ती चौपट होते; पण चक्राला फाडू पाहणारा ताणही चौपटच होतो. नुसते जाड करून भागत नाही, कारण जाडीबरोबर ओढणारे वजनही वाढते. तेव्हा डी लाव्हाल, स्टोडोला प्रभृतींनी टर्बाइनची चकती आसाजवळ जाड व कडेला पातळ करून ताण सारखा वाटून दिला. पंपाची पाती मागे वळलेली असतात. फ्रँक व्हिटल यांनी १२ एप्रिल १९३७ रोजी चालविलेल्या जेट इंजिनात ती कडेकडे सरळ होती, कारण वळलेले पाते त्या वेगाला वाकू पाहते.

आज हा हिशेब संगणक करतो. तरीही कंप्रेसरचे चक्र कमाल वेगाच्या ११५ टक्क्यांवर एक मिनिट फिरवून पाहण्याचा प्रघात आहे. घाई झाली की पहिली कात्री अशाच चाचण्यांना लागते, हे आम्ही कारखान्यात पाहिले आहे. चक्र फुटले तर त्याच्या वाटेत शेजारी उभा असलेला माणूस असतो. म्हणून ते एक मिनिट आम्ही कामगाराचा हक्क मानतो.