घरगुती मलवाहिनीची दुरुस्ती: खोदाई की खोदाईविना?

बंगळुरूच्या उत्तरेस असलेला हेब्बाळ हा परिसर आज विमानतळाच्या मार्गावरील उड्डाणपुलामुळे सर्वांना परिचित आहे. शहराच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेत मात्र त्याचे स्थान त्याहून जुने आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराला मोठी नदी नाही. उंचवट्यावर पडणारे पाणी वेगवेगळ्या खोऱ्यांत उतरते आणि वृषभावती व कोरमंगल-चल्लघट्ट यांच्याप्रमाणेच हेब्बाळ हे त्यांतील एक प्रमुख खोरे आहे. शहरात भुयारी गटारांचा प्रारंभ १९२२ मध्ये झाला. पुढे १९६४ च्या कायद्यान्वये पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ स्थापन झाले आणि मोठ्या मलवाहिन्या या खोऱ्यांच्या उतारानेच टाकण्यात आल्या. हेब्बाळ आणि नागवार खोऱ्यांतील प्रक्रिया केलेले सांडपाणी आता चिक्कबळ्ळापूर व बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यांतील तलावांत सोडले जाते.

या व्यवस्थेचे पहिले टोक म्हणजे घरापासून रस्त्यावरील मॅनहोलपर्यंतचा नळ. त्याची देखभाल सर्वसाधारणपणे घरमालकाकडे असते आणि तो तुंबेपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही. एखादेच न्हाणीघर तुंबले, तर दोष बहुधा घरातील जोडणीत असतो. सर्व मोऱ्या व शौचालये एकाच वेळी तुंबू लागली, अंगणातील एखादी जागा उन्हाळ्यातही ओली राहिली, तर मुख्य नळ फुटल्याची शंका घ्यावी. बंगळुरूमध्ये या शंकेला विशेष अर्थ आहे. येथे सुमारे १०० किलोमीटरवरून उपसा करून आणलेले कावेरीचे पाणी बहुतेक घरांत जमिनीखालील टाकीत, म्हणजे ‘संप’मध्ये साठवले जाते. ३० बाय ४० फुटांच्या भूखंडावर संप, कूपनलिका आणि मलवाहिनी यांत फारसे अंतर उरत नाही. फुटलेल्या नळातील मैला संपच्या भेगेतून पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतो. त्यामुळे अशी दुरुस्ती लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरते.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिला परिचित आहे: चर खणायचा, जुना नळ काढायचा, नवा पीव्हीसी नळ योग्य उताराने बसवायचा आणि चर बुजवायचा. दुसऱ्या मार्गात जमीन जवळजवळ न उकरता काम होते. त्याच्याही दोन पद्धती आहेत. एकीत राळेत भिजवलेली नमद्याची किंवा काचतंतूंची लवचीक नळी जुन्या नळात सरकवून हवेच्या अथवा पाण्याच्या दाबाने फुगवतात आणि गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशाने ती कडक करतात. परिणामी जुन्या नळाच्या आत सांधा नसलेला नवा नळ तयार होतो. ब्रिटिश अभियंता एरिक वुड यांनी १९७१ मध्ये पूर्व लंडनमधील विटांच्या जुन्या गटारात ही पद्धत प्रथम वापरली. दुसऱ्या पद्धतीत शंकूच्या आकाराचे पोलादी डोके जुन्या नळातून ओढले जाते. ते नळ फोडत पुढे जाते व त्यामागून पॉलिथिनचा नवा नळ येतो. ही पद्धतही ब्रिटनमधलीच असून १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिडाच्या जुन्या गॅसवाहिन्या बदलण्यासाठी ती विकसित करण्यात आली.

खोदाईविना काम म्हणजे आधुनिक आणि म्हणून सरस, असा समज ठेकेदारांच्या जाहिरातींमुळे पसरतो. वस्तुतः निवड नळाच्या आजारावर अवलंबून असते आणि त्यात उताराचा प्रश्न पहिला आहे. सांडपाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. चार इंची नळाला ४० फुटांत एक फूट आणि सहा इंची नळाला ६० फुटांत एक फूट उतार असावा, हा जुना ठोकताळा आजही प्लंबर वापरतात. भरावाची जमीन खचून नळाला मधेच झोल आला, तर तेथे पाणी साचते व गाळ बसतो. अशा नळाला आतून अस्तर लावल्यास अस्तरही त्याच झोलाचा आकार घेते. खर्च होतो आणि तुंबणे कायम राहते. नळ पूर्ण कोसळला असेल, तर अस्तराची नळी आत जाऊच शकत नाही. या दोन्ही प्रसंगी तेवढ्या भागात खोदाई करणे हाच सरळ उपाय आहे.

याउलट उतार शाबूत असून दोष भेगा, गळके सांधे किंवा झाडांच्या मुळांचा असेल, तर अस्तर उपयुक्त ठरते. जुन्या घरांतील भाजलेल्या मातीचे, चकाकी दिलेले स्टोनवेअरचे नळ दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटने सांधून टाकलेले असत. सांध्यातील सिमेंट झिजले की ओलाव्याच्या शोधात मुळे आत शिरतात. तारेने किंवा यंत्राने ती कापली, तरी काही महिन्यांत पुन्हा वाढतात. सांधाच नसलेल्या अस्तरात त्यांना वाट मिळत नाही. शिवाय कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हेही अंगणातील मोठ्या झाडाखालून नळ जात असल्यास ध्यानात घ्यावे.

हेब्बाळसारख्या वस्तीत जागेची रचना निर्णय बदलते. अनेक घरांत नळ बाजूच्या तीन-चार फुटी बोळातून जातो. बोळ मोकळा असेल आणि नळ उथळ असेल, तर दोन मजुरांच्या साहाय्याने खोदाई करणे सर्वांत स्वस्त पडते. इतक्या लहान कामासाठी अस्तराची यंत्रसामग्री आणणे परवडत नाही, कारण ती आणण्याचा खर्च नळ दहा फूट असो वा शंभर फूट, जवळपास तेवढाच येतो. मात्र नळ पोर्चच्या ग्रॅनाइटखालून, घराच्या पायाखालून किंवा डांबरी रस्त्याखालून जात असेल, तर हिशेब उलटतो. फरशी पुन्हा बसवणे, रस्ता खोदण्याची परवानगी व तो पूर्ववत करण्याचे शुल्क हे सारे खोदाईच्या खर्चात धरावे लागते. लाल मातीच्या थराखाली कठीण ग्नाइस खडक लवकर लागल्यास खोदाई आणखी महागते. नळ फोडून बदलण्याची पद्धतही अशा ठिकाणी जपून वापरावी, कारण फुटलेल्या तुकड्यांना सरकण्यास जागा लागते आणि शेजारून गेलेल्या पाण्याच्या नळाला धक्का बसू शकतो.

अस्तराच्या कामात राळेचा उग्र वास घरात शिरतो. वाफेने कडक करण्याच्या प्रक्रियेत हवेत मिसळणाऱ्या रसायनांकडे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लक्ष वेधले होते. त्यामुळे कामाच्या दिवशी सर्व जाळ्यांच्या सापळ्यांत पाणी ओतून ठेवणे आणि लहान मुलांना अन्यत्र हलवणे श्रेयस्कर.

ठेकेदाराने दर सांगण्यापूर्वी नळ दाबाच्या पाण्याने धुऊन आतून कॅमेरा फिरवावा व त्याचे चित्रण मालकाला द्यावे, असा आग्रह धरावा. चित्रणात नळ बंद असतानाही पाणी साचलेले दिसले, तर तो झोल समजावा. मॅनहोलपासूनचे अंतर फुटांत नोंदवले असेल, तर नेमके कोठे खणायचे तेही कळते. अनेकदा उत्तर मिश्र निघते: झोल आलेल्या सहा फुटांत खोदाई आणि उरलेल्या लांबीस अस्तर.

कोणतीही पद्धत निवडली, तरी माणसांच्या सुरक्षिततेचा भाग करारात लिहून घेणे आवश्यक आहे. दीड मीटरहून खोल चराच्या भिंतींना आधार न दिल्यास पावसाळ्यात त्या ढासळतात. मॅनहोलमध्ये संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा असून पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. तुंबलेला चेंबर ‘आत उतरून’ साफ करून देण्याची तयारी दाखवणाऱ्या ठेकेदारास काम देऊ नये.

काम संपल्यावर चर बुजवण्यापूर्वी किंवा अंतिम देयक चुकते करण्यापूर्वी नळाचे खालचे तोंड बंद करून त्यात पाणी भरावे आणि पातळी उतरते का ते पाहावे. अस्तर लावले असल्यास कॅमेरा पुन्हा फिरवून प्रत्येक जोडनळाचे तोंड यंत्राने नीट उघडले आहे याची खात्री करावी, कारण अस्तर आत बसताना तीही बंद झालेली असतात.