आधी आवाज, मग हात

काही वर्षांपूर्वी मी शाळेतली मुले घेऊन खानदेशातल्या एका यात्रेच्या घोडेबाजारात गेलो होतो. जाण्याआधी उर्दूच्या तासाला घोड्यावर निबंध लिहून घेतला होता. घोडा किती वफादार, किती बहादूर, हे सगळ्यांनी छान लिहिले. बाजारात पाऊल ठेवून पाच मिनिटे झाली नसतील, तोच एका मुलाने मागून जाऊन एका घोडीच्या शेपटीला हात लावला. लाथ मांडीवर बसली. हाड मोडले नाही, ही अल्लाहची मेहरबानी. मी घोडेवाल्यावर ओरडलो. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "मास्टरसाब, घोडे को पहले आवाज देते, फिर हात लगाते. बच्चों को ये नई सिकाए क्या?"

नव्हते शिकवले. चूक घोडीची नव्हती, मुलाचीही नव्हती, माझी होती.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला भोवतालचे जवळजवळ सगळे दिसते. दिसत नाही ते नेमके शेपटीमागचे आणि नाकासमोर अगदी जवळचे. न दिसणारा स्पर्श त्याला शत्रूचा वाटतो. म्हणून आवाज देऊन, खांद्याच्या बाजूने जवळ जावे. आपण याला आज 'सुरक्षा' म्हणतो. आपल्या पूर्वजांनी याला 'अदब' म्हटले. शब्द वेगळे, गोष्ट एकच.

या अदबीचा इतिहास मदिनेपर्यंत जातो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. खुराक नियमात ठेवून तयार केलेले घोडे हफिया ते सनियतुल विदा असे पाच-सहा मैल धावत. तयारी नसलेल्या घोड्यांना सनियतुल विदा ते बनू जुरैकची मस्जिद एवढे एकच मैल अंतर असे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (र.) स्वतः या शर्यतीत उतरले होते. कच्च्या घोड्याला पक्क्या घोड्याबरोबर जुंपायचे नाही, हा सुरक्षेचा पहिला नियम झाला.

दुसरा नियम बघ्यांसाठी आणि चालाखी करणाऱ्यांसाठी होता. हदीसमध्ये 'जलब' आणि 'जनब' या दोन गोष्टींना मनाई आहे. शर्यतीच्या संदर्भात जलब म्हणजे धावणाऱ्या घोड्याच्या मागे राहून आरडाओरडा करून त्याला पिटाळणे. जनब म्हणजे शेजारी दुसरा ताजा घोडा पळवत नेऊन ऐनवेळी त्यावर बसणे. एकात जनावर बिथरते, दुसऱ्यात प्रतिस्पर्धी फसतो. घोड्याची आयाळ आणि शेपटी कापू नये, जनावराच्या पाठीचा बसून गप्पा मारण्यासाठी मिंबर करू नये, अशा आशयाच्या हदीसही अबू दाऊदच्या संग्रहात आहेत. खुद्द प्रेषितांनी (स.) आपल्या चादरीने घोड्याचे तोंड पुसल्याची हकिकत इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये सापडते.

पुढे यातूनच 'फुरूसिया' म्हणजे घोडेस्वारीची विद्या वाढली. नवव्या शतकात अब्बासी दरबारातल्या इब्न अखी हिजाम यांनी घोड्याची निगा आणि स्वारी यांवर ग्रंथ लिहिला. खोगिराशिवाय बसायला आधी शिका, असा त्यांचा आग्रह. तोल आला की मग बाकीची कला. चौदाव्या शतकात इब्न कय्यिम यांनी शर्यतीच्या नियमांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. म्हणजे मैदानावर कसे वागावे हा विषय आलिमांनाही किरकोळ वाटला नव्हता.

मैदान मात्र कुणाचीही गय करत नाही. सन १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळताना सुलतान कुतबुद्दीन ऐबकचा घोडा कोसळला आणि खोगिराचा उंच पुढचा भाग त्याच्या छातीत घुसला. दिल्लीचे तख्त असे एका खेळात रिकामे झाले. साडेतीनशे वर्षांनी अकबराच्या मैदानावर याच खेळाला शिस्त आलेली दिसते. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवले आहे की, एका वेळी दहापेक्षा जास्त खेळाडू नसत. एक घडी, म्हणजे सुमारे चोवीस मिनिटे झाली की दोघांनी विश्रांती घ्यायची आणि दोघे नवे उतरायचे. रात्रीच्या खेळासाठी पळसाच्या लाकडाचा पेटता चेंडू असे, कारण ते लाकूड हलके आणि बराच वेळ जळणारे. गर्दी कमी, दमलेल्याला विसावा, अंधारात उजेड. आजचा कोणता आयोजक याहून वेगळे सांगेल?

आपल्या दख्खनचा हिस्साही मोठा आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. आळंदच्या दर्ग्याच्या जत्रेत दहा दिवस बाजार भरतो आणि वीस हजार घोडे विक्रीला येतात, असे त्याने लिहिले आहे. इथले लोक घोड्यांना साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, याचेही त्याला नवल वाटले.

ती परंपरा संपलेली नाही. सारंगखेड्याला तापीकाठी आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला यात्रेत घोडे येतात. जगभरच्या प्रदर्शनांत लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात, म्हणजे मागच्याने अंतर ठेवावे. स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट असते. आपल्याकडे मात्र वरातीच्या घोडीपुढे कानठळ्या बसवणारा डीजे वाजतो, पायाशी फटाके फुटतात आणि पाठीवर दूल्ह्याबरोबर लहान पोरही बसवले जाते. हा जलबच नव्हे काय? मनाई ऐकलेलीच माणसे तो करतात, याचे दुःख अधिक.

त्या मुलाची मांडी आठवडाभरात बरी झाली. पुढच्या वर्षीही मी घोड्यावर निबंध लिहून घेतला. या वेळी पहिले वाक्य मीच फळ्यावर लिहिले : आधी आवाज, मग हात. मुलांनी विचारले, "सर, हे फक्त घोड्यांसाठीच का?" मी म्हणालो, "नाही रे बाळांनो. सुरुवात घोड्यापासून करा."