सीमोर, विल्यम जोसेफ

(२ मे १८७०–२८ सप्टेंबर १९२२). अमेरिकन कृष्णवर्णीय धर्मोपदेशक व पेंटेकोस्टल चळवळीचा एक प्रवर्तक. जन्म लुइझिअ‍ॅना राज्यातील सेंटरव्हिल येथे, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या मातापित्यांच्या पोटी. देवीच्या रोगाने त्याचा एक डोळा गेला. ह्यूस्टन येथे चार्ल्स पारम याच्या वर्गात वर्णभेदामुळे त्यास प्रवेश नव्हता. दाराबाहेर बसूनच त्याने पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची शिकवण ग्रहण केली. १९०६ मध्ये लॉस अँजेल्सच्या अझूझा स्ट्रीटवरील एका जुन्या इमारतीत त्याने प्रार्थनासभा सुरू केल्या. तेथे गोरे व काळे एकत्र गुडघे टेकत; भाविकांनी अपरिचित भाषांत बोलू लागण्याइतकेच हेही त्या काळी नवलाचे होते. त्याच वर्षी तेथे आलेल्या पारमला ही सरमिसळ रुचली नाही. त्याने सभांचा जाहीर निषेध केला. पुढे बहुतेक गोरे अनुयायी दुरावले. अखेर १९१५ मध्ये सीमोरनेच मंडळीचे नेतृत्व कृष्णवर्णीयांपुरते मर्यादित केले. त्याच्या पश्चात उरलेली लहानशी मंडळी पत्नी जेनी हिने सांभाळली.